घुसून राहिला

एका शब्दाचा अर्थ मला एकदा अधिकृतपणे विचारला गेला होता. विचारणारे साहेब पुण्याचे होते, मी अमरावतीचा. शब्द आमच्या वऱ्हाडी बोलीतला, लहानपणापासून माझ्या तोंडात असलेला. मी त्याचा अर्थ चुकीचा सांगितला आणि खाली सही केली. त्या सहीमुळे एका माणसाची नोकरी गेली. आज मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, आणि हे लिहितो आहे ते त्या माणसाविषयी. त्याचं नाव लिहू नये असं त्यानंच मला बजावलं आहे. का, ते पुढं येईलच.

मला तो आठवतो तो मे महिन्यातल्या दुपारी, भर उन्हात, स्वेटर घालून उभा असलेला. आमच्या कार्यालयात एकच एसी होता, तोही कॉम्प्युटरसाठी. कॉम्प्युटरची खोली थंड राहावी म्हणून मुख्यालयाचं पत्र होतं, त्या खोलीत बसणाऱ्या माणसाबद्दल पत्रात काही नव्हतं. तेव्हा तो आत स्वेटर घालून बसे, आणि तासाभरानं अंगणात येऊन पाच मिनिटं उन्हात उभा राही. अमरावतीचा मे महिना ज्यानं पाहिला आहे त्याला हे दृश्य काय होतं ते कळेल. येणारे-जाणारे थांबून बघत. कुणी विचारलंच तर तो सांगे, "गरम होऊन राहिलो." आणि पाच मिनिटं झाली की घड्याळात पाहून आत.

आमची संस्था कापूस विकत घेणारी. सहा गावांत खरेदी केंद्रं होती. अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर ही त्यातली मोठी. ती कापसाची वाईट वर्षं होती. बाहेर भाव नव्हता, म्हणून सगळा कापूस आमच्याच दारात येई आणि गाड्यांची रांग गावाबाहेर जाई. रांगेत मारामाऱ्या होऊ लागल्या, तेव्हा नंबर द्यायची पद्धत निघाली. नाव नोंदवायचं, नंबर घ्यायचा, नंबर आला की गाडी आणायची. ज्याचा नंबर लवकर त्याचा कापूस कोरडा विकला जाई. ज्याचा उशिरा तो ताडपत्री घेऊन आभाळाकडं पाहत बसे. नंबरांची यादी अमरावतीच्या एका कॉम्प्युटरवर होती आणि सहाही केंद्रं टेलिफोनच्या तारेनं त्याला जोडलेली होती. तो त्या कॉम्प्युटरचा माणूस, अकोल्याचा, कंत्राटी. आठवडाभर अमरावतीत खोली करून राही आणि शनिवारी बडनेऱ्याहून गाडी पकडून घरी जाई. मी कार्यालयाचा प्रमुख. तो कायम व्हावा असा प्रस्ताव मीच पाठवला होता, हेही लिहून ठेवतो.

त्याच्या खोलीत चपला-बूट घालून कुणालाही प्रवेश नसे. एकदा संचालक मंडळाची भेट होती. सगळे संचालक मोजे घालून त्याच्या खोलीत उभे, आणि हा त्यांना धूळ या विषयावर समजावून सांगतो आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दसऱ्याला शिपायानं मशीनवर झेंडू आणि कुंकू वाहायला घेतलं तर यानं त्याच्या हातात ओलं फडकं दिलं. म्हणाला, पूजा करायची तर पुसून कर.

पण सगळ्यात विलक्षण होती त्याची वही. खोलीतून बाहेर पडताना तो वेळ लिही, परत आला की पुन्हा वेळ लिही. "११.१० बाहेर. ११.१४ आत." लघवीला जाऊन आला तरी. मी एकदा हसून विचारलं, ही कसली नोंद? त्यानं गंभीरपणे सांगितलं, की कॉम्प्युटरही अशीच एक वही ठेवतो. कोण आलं, कधी आलं, कोणत्या लाइननं आलं, काय करून गेलं. तिला लॉग म्हणतात. "दुसऱ्याचा लॉग वाचायचा तं पहिले आपला ठेवा लागते, साहेब."

हीच वही पुढं त्याच्या गळ्याशी आली.

एक दिवस दर्यापूरकडची एक म्हातारी कार्यालयात आली. प्लास्टिकच्या पिशवीत तिनं आमची छापील पावती जपून आणली होती. पावतीवर नंबर एकशे बारा. केंद्रावर तिला सांगितलं होतं, तुझा नंबर तीनशे चाळीस. ती कुणाशी भांडली नाही. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर जमिनीवर बसली आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारत राहिली, "माहा नंबर कोनं खाल्ला, बापू?"

लोक हसले. मी तिच्या अर्जावर "चौकशी करू" असं लिहिलं. तो मात्र तिला आत घेऊन गेला, पडद्यावर यादी काढून दाखवली. पडद्यावर तीनशे चाळीसच होतं. मग त्यानं कॉम्प्युटरची वही उघडली, तर मशीनमध्ये जागा कमी म्हणून जुन्या नोंदी आठवड्याला आपोआप पुसल्या जात आणि नेमका तो आठवडा पुसला गेला होता. माझ्या टेबलाशी येऊन तो उभा राहिला. त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही. घरात चोरी झाल्यावर माणूस दिसतो तसा.

"साहेब," तो म्हणाला, "वही होती. पण वाचणारा कोनी नोता."

तो वाचणारा बनवायला त्यानं चार महिने घेतले. पडद्यामागं न थांबता चालणारा एक प्रोग्राम. अशा प्रोग्रामला डीमन म्हणतात हे त्यानं मला सांगितलं, आणि त्याचा भुताशी संबंध नाही हेही सांगितलं. या प्रोग्रामचं काम एकच. सहाही केंद्रांच्या नोंदी वाचत राहायच्या, आणि कुणी नको तिथं शिरतो आहे असं दिसलं की तत्क्षणी प्रिंटरवर हाक द्यायची.

त्याचं नाव त्यानं ठेवलं जागल्या. जुन्या काळी गावाचा पहारा करणारा तो जागल्या. हे नाव आधी प्रोग्रामला मिळालं नाही, आधी त्याला मिळालं होतं. त्याचा आजा गावचा जागल्या होता. छप्पन साली घर बौद्ध झालं आणि बापानं ते काम टाकलं. हे कुणीतरी खोदून काढलं, आणि हिशेब विभागातले लोक त्याला "काय जागल्या, झोप झाली का" म्हणू लागले. मी त्यांना थांबवलं नाही. एकदा तर हसलोही. त्यानं ते नाव उचललं आणि मशीनला देऊन टाकलं. "आता मारा हाका," म्हणाला, "आता तो ओ देईन."

आजाची एक गोष्ट त्यानं मला सांगितली होती. गावात चोरी झाली की पाटील पहिल्यांदा जागल्यालाच बांधून घाली. झोपला होतास तर झोपलास म्हणून मार, जागा होतास तर तुला चोर माहीत असलाच पाहिजे म्हणून मार. हे तो हसत हसत सांगत होता. मीही हसत ऐकलं.

पहिला जागल्या एकटा होता. तो अकोल्याची नोंद वाचे, मग मूर्तिजापूरची, मग दर्यापूरची. सहाव्या गावी पोहोचेपर्यंत पहिल्या गावचा चोर जेवून हात धुऊन गेलेला असे. म्हणून त्यानं एका जागल्याचे सहा केले. प्रोग्राम एकच, पण त्यात सहा धागे, प्रत्येक धागा एकेका केंद्रावर डोळा ठेवून, सगळे एकाच वेळी जागे. इंग्रजीतही त्याला थ्रेड, म्हणजे धागाच म्हणतात, याचं त्याला फार कौतुक होतं. "पाहा साहेब, कापूस आपल्याकडं, अन् धागे अमेरिकेत काढून राहिले."

सहा धाग्यांचा जागल्या पहिल्या दिवशी चालू केला तेव्हा सहाही जण एकदम ओरडले. कागदावर अकोल्याच्या शब्दात दर्यापूरची अक्षरं शिरली, काही म्हणजे काही वाचता येईना. तो कागद त्यानं भिंतीला चिकटवला आणि दोन दिवस त्याच्याकडं पाहत बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला तो माझ्या टेबलाजवळ उभा होता. हजेरीपटाला सुतळीनं पेन बांधलेला असे, कुणी पळवू नये म्हणून, आणि सह्यांसाठी लोकांची रांग लागे. तो त्या सुतळीकडं एकटक पाहत होता. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "पेन एक पाहिजे. ज्याच्या हाती पेन तो लिहीन, बाकीचे थांबतीन." आणि त्यानं तसं केलं. मधे एकदा जागल्या अर्धा दिवस मुका झाला. विचारलं तर म्हणाला, "काही नाही, मूर्तिजापूरवाला पेन घेऊन चहाले गेला." एका धाग्यानं हातातला पेन खाली ठेवलाच नव्हता, म्हणून बाकी पाच जण थांबून राहिले होते. तेही त्यानं दुरुस्त केलं.

पुढं पुढं त्याला माणसं त्यांच्या चुकांवरून ओळखू येऊ लागली. दर्यापूरचा कारकून जेवण झाल्यावर पासवर्ड टाकताना हमखास दोन अक्षरं उलटी टाकी. मूर्तिजापूरचा सोमवारी सकाळी तीन वेळा चुके. जागल्या त्यावर हाक देई आणि हा नुसता मान हलवी. "तो चोर नाही. तो सोमवार आहे."

हाकेचे शब्द त्यानं स्वतःच ठरवले होते. प्रिंटरवर मराठी अक्षरं उमटत नसत, म्हणून रोमन अक्षरांत, पण भाषा त्याच्या घरची. वेळ आणि पुढं दोनच शब्द: घुसून राहिला. हा कागद कुणीही वाचावा. पण कोणत्या लाइननं आणि कोणाच्या नावानं, हे त्या कागदावर येत नसे. ते एका वेगळ्या लहान चिठ्ठीवर छापलं जाई, आणि चिठ्ठी छापली की मशीनमधून पुसली जाई. चिठ्ठी फक्त कार्यालय प्रमुखाच्या हातात. ऑफिसात कोण कुणाला फोन करतो ते सांगता येत नाही, म्हणून हा नियम. "आपलं काम हाक द्यायचं. धरायचं काम साहेबाचं," असं तो म्हणे.

पहिली खरी चिठ्ठी आली ती दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. तो स्वतः घेऊन आला. चिठ्ठी टेबलावर पालथी ठेवली आणि उभा राहिला. मी ती उलटी केली. लाइन अकोल्याची होती. नाव माझं होतं.

मी पुन्हा वाचलं. मी माझ्या खुर्चीत बसलो होतो, समोर माझा डबा उघडा होता, आणि माझं नाव अकोल्याहून आत येत होतं. माझा हात डब्यातल्या भाकरीवर तसाच राहिला.

"घाबरू नका," तो म्हणाला. "तुमी नाही हे मले माहीत हाय. तुमी पासवर्ड टाकतानी एकदा चुकताच. तीन वर्सांत एकदाही पहिल्या झटक्यात नाही टाकला. हा पहिल्या झटक्यात आत आला. हा चुकून नाही राहिला." मग दाराशी जाऊन परत वळला. "पासवर्ड बदलवा. आत्ताच्या आत्ता."

आत शिरणारा कोण ते मला त्या क्षणी कळलं होतं. आमचे एक संचालक होते, अकोल्याकडं त्यांचं जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. माझी बदली त्यांच्या शब्दानं एकदा थांबली होती. त्यांनी मला फोन करून म्हटलं होतं, आपलीच संस्था, यादी जरा आपल्यालेही पाहता आली पाहिजे. मी फोनवरच त्यांना माझा पासवर्ड सांगितला होता. नुसती पाहण्यासाठी. ते आत येऊन व्यापाऱ्यांच्या गाड्या शेतकऱ्यांच्या नावांनी वर सरकवत असतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. हे मी खरं लिहितो आहे, पण इथून पुढचं मला माहीत असून झालं.

मी त्यांना फोन केला. ते हसले. म्हणाले, "आपलेच लोक हायेत साहेब, तुमी कशाले टेन्शन घेता?" आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, की यंदा बदल्यांची यादी कधी निघते.

मी पासवर्ड बदलला नाही. बदलला असता तर त्यांना लगेच कळलं असतं. सहा महिने चिठ्ठ्या येत राहिल्या. तो प्रत्येक चिठ्ठी पालथी ठेवी आणि विचारी, "बदलवला?" मी म्हणे, करतो. नंतर नंतर त्यानं विचारणं सोडलं. चिठ्ठी ठेवायचा आणि जायचा. मी चिठ्ठ्या फाडून टाकत असे.

केंद्रांवर बोंबाबोंब झालीच. दर्यापूरला लोकांनी केंद्राचं फाटक अडवलं. वरून चौकशी लागली आणि पुण्याहून एक अधिकारी आले. सज्जन माणूस होता, हेही सांगायला हवं. त्यांनी मऊ आवाजात प्रश्न विचारले, चहा स्वतःच्या हातानं घेतला. त्यांना कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नव्हतं, मलाही नव्हतं. त्यांच्यापुढं जागल्याचा छापील कागद होता आणि त्याची ती वही होती. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून पेन्सिलीनं खुणा केल्या. ज्या ज्या वेळी हाक छापली होती, त्या प्रत्येक वेळी त्याच्या वहीत तो आत होता. दुपारची सुट्टी, सगळं ऑफिस बाहेर, आणि खोलीत हा एकटा. असणारच. तो डबा तिथंच खात असे, आणि तसं प्रामाणिकपणे लिहून ठेवत असे.

"हे काय लिहिलं आहे?" त्यांनी कागदावर बोट ठेवून त्याला विचारलं.

"घुसून राहिला."

"म्हणजे?"

"म्हंजे घुसून राहिला, साहेब."

"म्हणजे घुसला आणि मग तिथंच राहिला?"

"नाही, नाही. घुसून राहिला. जसं मी आता तुमच्यासंग बोलून राहिलो."

"तुम्ही बोललात आणि राहिलात," ते म्हणाले. लिहून घेणारा कारकून हसला, तोही त्यांच्याबरोबर पुण्याहून आलेला. साहेब स्वतः हसले नाहीत. ते माझ्याकडं वळले. "तुम्ही इथले आहात. तुम्हीच सांगा. याचा नेमका अर्थ काय होतो?"

वऱ्हाडातल्या पाच वर्षांच्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. जेवून राहिलो म्हणजे जेवतो आहे. घुसून राहिला म्हणजे घुसतो आहे, या क्षणी, बाहेरून आत. पण मी तसं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न होता, बाहेरून कुठून? आणि त्याच्या पुढचा, कोणाच्या नावानं?

तो माझ्याकडं पाहत होता. अगदी निश्चिंत. चिठ्ठ्यांचा विषय त्यानं काढला नव्हता, कारण तो त्याच्या साहेबानं, म्हणजे मी, काढायचा होता. आणि साहेबच तर समोर बसले होते, इथलेच होते, इथली भाषा बोलणारे होते.

घरी मी कायम वऱ्हाडी बोलत आलो. त्या दिवशी मी फार शुद्ध बोललो. "घुसून आत राहिला, असाच अर्थ होतो," मी म्हणालो.

कारकुनानं ते लिहून घेतलं. आत राहणारा माणूस कोण, हे मग वहीवरून उघडच होतं. मी सही केली.

त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही. मी वाट पाहत होतो राग येण्याची. तो थक्क झाला होता. त्याच्या मशीननं दोन आणि दोन पाच सांगितले असते तर तो असाच पाहत राहिला असता, म्हणजे चूक कुठं झाली ते शोधत. मग तो उठला, वहीशी गेला, घड्याळ पाहून वेळ लिहिली आणि बाहेर पडला. वही पुरावा म्हणून जमा होणार होती. मी ती उघडून पाहिली. "४.०५ बाहेर." त्याखाली काही नव्हतं.

कंत्राट संपवण्यात आलं आणि फायलीत शेरा मारला गेला. तेवढं पुरलं. त्या शेऱ्यानंतर कोणत्याही कार्यालयानं त्याला कॉम्प्युटरजवळ बसू दिलं नाही. मी पुढं तीन वर्षं नोकरी करून हारतुऱ्यांनिशी निवृत्त झालो. निरोपाच्या भाषणात ते संचालक माझ्याविषयी चांगलं बोलले.

पुढं चार वर्षांनी खरेदी बंद झाली आणि ते कार्यालयही बंद होणार असं ठरलं. जुने कागद कोणते ठेवायचे, कोणते रद्दीत घालायचे ते पाहायला मला जुना माणूस म्हणून बोलावलं. कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो. दाराशी आता बूट काढायची पद्धत नव्हती. कोपऱ्यात छापील कागदांचा ढीग छातीएवढा झाला होता आणि प्रिंटर चालू होता. मी शिपायाला विचारलं, हे काय? तो जुनाच शिपाई होता, झेंडूवाला.

"कागद संपला का मशीन बोंबलते, साहेब. म्हणून टाकत जातो."

मी वरचा कागद उचलला. घुसून राहिला. त्याखाली घुसून राहिला. जागल्या चालूच होता. त्याला कुणी बंद केलं नव्हतं, कारण तो कसा बंद करायचा ते कुणाला माहीत नव्हतं. तेवढ्यात शिपाई कपाटातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आला आणि मोठ्या विश्वासानं माझ्या हातात दिला.

"तुमच्या चिठ्ठ्या. तो गेला तवापासून जमा करून राहिलो, तुमी या खोलीत कधी आलेच नाही. तुमी रिटायर झाल्यावरही येतच होत्या. त्याच्यावर तुमचं नाव राहे. म्हटलं, साहेब कवा आले का देऊ."

डबा काठोकाठ भरलेला होता. लहान लहान चिठ्ठ्या, तारीखवार लावलेल्या, प्रत्येकीवर माझं नाव. शिपायाला वाटलं होतं, ज्याचं नाव त्याची चिठ्ठी. मी जाताना पासवर्ड बदलला नव्हता, नंतर आलेल्या साहेबांनी माझं नाव काढून टाकलं नव्हतं, आणि ते संचालक जिनिंगमध्ये बसून अखेरच्या हंगामापर्यंत त्याच नावानं आत येत होते. मी घरी बसून नातवाला शाळेत सोडत होतो, पेपर वाचत होतो, शेतकऱ्यांच्या बातम्या वाचून हळहळत होतो, आणि माझं नाव रोज दुपारी घुसून राहिलं होतं. मी झाकण लावलं आणि डबा घरी घेऊन गेलो.

एवढं होऊनही मला अकोल्याला जायला पुढं कित्येक वर्षं लागली. डबा माझ्या कपाटात होता. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी मला काही गोष्टी सांगितल्या, त्यानंतर गेलो.

जठारपेठेत त्याचं लहानसं दुकान आहे, मिक्सर आणि पंखे दुरुस्त करण्याचं. सकाळची वेळ होती. तो खाली मान घालून एका मिक्सरची तार जोडत होता. केस पांढरे झालेले, स्वेटर नाही. मी दाराशी बूट काढले. का काढले ते मलाच कळलं नाही. त्यानं आवाजानं वर पाहिलं, आधी बुटांकडं, मग माझ्याकडं. ओळखलं.

"कसे आहात?" मी म्हणालो.

"मले 'आहात' कवापासून म्हणून राहिले, साहेब?"

मी डबा पुढं केला. त्यानं झाकण उघडलं. एकेक चिठ्ठी काढून वेळ पाहू लागला. नाव पाहत नव्हता, वेळच पाहत होता. बराच वेळ गेला. एक गिऱ्हाईक येऊन परत गेलं. मग त्याचा चेहरा उजळला. मी कशाचीही तयारी ठेवून गेलो होतो, याची नव्हती.

"बंद नाही पडला," तो म्हणाला. "पाहा, सात वर्सं. मधात एकही दिवस सुटला नाही. कोनी पेन घेऊन चहाले नाही गेला."

मग मी सगळं सांगितलं. संचालक, फोन, बदली, आणि तो अर्थ. त्याला बहुतेक माहीत होतं. मी विचारलं, तुम्ही त्या दिवशी माझं नाव का घेतलं नाही? एका वाक्यात सुटला असतात.

"नाव साहेबाच्याच हाती द्यायचं, हा नियम माहा होता," तो म्हणाला. "म्याच मोडला असता तं मंग त्या मशीनले कोन इचारते?" मग म्हणाला, "अन् मले वाटलं, तुमी सांगून राहिले. आता सांगतीन, आता सांगतीन. सही होयेपर्यंत मले तसंच वाटलं."

मी हात जोडले. त्यानं ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि पुन्हा तार हातात घेतली. दर्यापूरच्या त्या म्हातारीचं काय झालं, असं त्यानं विचारलं. मला माहीत नव्हतं. तिच्या अर्जावर चौकशी करू असं मी लिहिलं होतं, एवढंच मला माहीत होतं.

"तोंडानं सांगून काही नाही होत, साहेब," तो म्हणाला. "लिहून द्या. चार लोकं वाचतीन असं. पन माहं नाव नका टाकू. चिठ्ठीवर नाव फक्त घुसणाराचं असते."

बूट घालायला वाकलो तेव्हा मागून त्याचा आवाज आला. त्यात टोमणा होता की नाही, मी अजून ठरवू शकलो नाही.

"सांगून राहिले का, सांगायचं राहिलं?"

तर सांगतो. घुसून राहिला याचा अर्थ, घुसतो आहे. घुसून आत राहिला असा त्याचा अर्थ वऱ्हाडात कधीही नव्हता आणि नाही. जो घुसत होता तो बाहेरचा होता, त्याला दार मी उघडून दिलं होतं, आणि जो आत होता तो हाक देत होता. हा अर्थ मी, वऱ्हाडात जन्मलेला आणि हीच भाषा बोलत म्हातारा झालेला, पूर्ण शुद्धीवर लिहून देतो आहे. घुसणाराचं नाव, म्हणजे माझंच, लेखक म्हणून लेखाच्या वर छापलेलं आहे.